पश्चिमेच्या व्हरांड्याला काच लावण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या घरसजावटीच्या पुरवणीत व्हरांडा, गच्ची किंवा मागचे अंगण काचेने बंदिस्त करून ‘सनरूम’ तयार करण्याविषयीचे लेख अलीकडे वरचेवर येऊ लागले आहेत. त्यांतली छायाचित्रे फार देखणी असतात. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हा प्रश्न मात्र त्या लेखांमध्ये कुठे विचारलेला मला आढळला नाही. नागपुरातल्या प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर अशा वस्त्यांमधून संध्याकाळी पायी फिरताना कालपर्यंत उघडा असलेला एखादा व्हरांडा आज ॲल्युमिनियमच्या चौकटींनी बंद झालेला दिसतो, आणि दर वेळी मला आमचेच घर आठवते. हा उद्योग आम्ही करून, भोगून आणि मोडून मोकळे झालो आहोत. म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे. माझी बरीच वर्षे गृहकर्जाच्या प्रकरणांमधले मंजूर नकाशे आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ घालण्यात गेली, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते अज्ञानापोटी घडले असे म्हणण्याचीही मला सोय नाही. आमचे घर पश्चिममुखी आहे. पुढे 14 फूट लांब आणि 8 फूट रुंद व्हरांडा आहे, त्याच्यावर स्लॅब आहे, आणि व्हरांड्यापुढे फाटकाच्या बाजूला 6 फुटांचा उघडा ओटा आहे. मुलगा टोरांटोला असतो. त्याच्याकडे एका हिवाळ्यात आम्ही दोन महिने राहिलो, तेव्हा बाहेर उणे दहा असताना घरामागच्या काचेच्या खोलीत नुसत्या स्वेटरवर बसून चहा पिता येतो, याचे आम्हा दोघांनाही अप्रूप वाटले. परत आल्यावर ह्यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटी करणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलावले. डोमल सेक्शनच्या, म्हणजे जाड ॲल्युमिनियम चौकटींच्या स्लायडिंग खिडक्या, ओट्यावर लोखंडी पाइपचा सांगाडा, त्याच्यावर टफन, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेचे छत, असे सगळे मिळून पावणेदोन लाखांचे काम 2021 च्या दिवाळीनंतर झाले. ‘हे तर फोल्डिंगचे काम आहे मॅडम, याले परवानगी लागत नाही,’ असे त्याने सांगितले आणि ते आम्ही सोयीस्करपणे ऐकून घेतले.

पहिला हिवाळा छान गेला, हे कबूल करायलाच हवे. सासूबाईंचे वय तेव्हा 84 होते. त्यांची खुर्ची आम्ही काचेआड ठेवली, आणि दुपारच्या जेवणानंतर तिथे बसून त्या वाती वळत असत. डॉक्टरांनी त्यांना ‘ड’ जीवनसत्त्वासाठी उन्हात बसायला सांगितले होते, तेही आपोआप साधेल अशी आमची समजूत होती. फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासले, तर आकडा होता तिथेच. डॉक्टरांनी विचारले, ‘उन्हात बसता ना?’ आम्ही म्हटले, ‘रोज दोन तास, काचेच्या खोलीत.’ ते हसले. त्वचेत हे जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांमुळे तयार होते, ते किरण साध्या खिडकीच्या काचेतूनही जवळपास पार होत नाहीत, हे त्या दिवशी कळले. म्हातारीला ऊब मिळाली, पण जे ऊन औषध म्हणून हवे होते ते काचेच्या पलीकडेच राहिले. त्याआधी त्याच ओट्यावर खुर्ची टाकून त्या बसायच्या, तेव्हा ते फुकट मिळत होते.

मग मार्च आला. 2022 चा मार्च देशभरात 1901 पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता, त्यामुळे आमची परीक्षा जरा लवकरच सुरू झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी व्हरांड्याच्या आतल्या भिंतीला, ऊन थेट लागणार नाही अशा जागी, घरातला साधा तापमापक टांगला. दुपारी साडेचारला पारा 50 च्या खुणेला टेकला होता. पुढे आकडेच नव्हते, त्यामुळे खरे तापमान किती होते ते सांगता येत नाही. देवघरासाठी आणून तिथल्या फडताळात ठेवलेल्या मेणबत्त्या कमानीसारख्या वाकल्या, तुळस करपली, आणि छताच्या काचेखाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला बसताना चटका बसू लागला. त्या उन्हाळ्यात त्या खोलीने एकच काम चोख केले. कुरडया आणि मुगवड्या धुळीचा कण न लागता इतक्या लवकर वाळल्या, की शेजारणींनी आपापली ताटे आमच्याकडे आणून ठेवली. पावणेदोन लाखांचे वाळवण-यंत्र, असे ह्यांनी त्याचे नाव ठेवले होते.

यात काही चमत्कार नव्हता, हे नंतर समजून घेतले. टोरांटो सुमारे 43 अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 23 अंश वर असतो. असे तिरपे, दुबळे ऊन उभ्या काचेतून खोलीत खोलवर येते आणि लोकांना ते हवेच असते. नागपूर 21 अक्षांशावर आहे. आपल्याकडे त्याच दिवशी दुपारचा सूर्य 45 अंशांवर असतो, आणि मेच्या अखेरीस, म्हणजे नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापाचे मानले जाणारे नऊ दिवस) सुरू होतो त्याच सुमारास, तो मध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो. माणसाची सावली पायाखाली जाते. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंशांची नोंद झालेली आहे. अशा गावात काचेचे छत म्हणजे सूर्याला वरून दार उघडून देणे होय. हिशेब फार अवघड नाही. मेमध्ये भर दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण 900 ते 1000 वॅट इतकी ऊर्जा पडते. आमचे काचेचे छत 14 गुणिले 6 फूट, म्हणजे पावणेआठ चौरस मीटरच्या आसपास होते, आणि साध्या पारदर्शक काचेतून त्यातली सुमारे चार पंचमांश ऊर्जा आत येते. म्हणजे जवळपास 6 किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी सव्वापाच किलोवॅटच्या आसपासच उष्णता बाहेर टाकतो. पश्चिमेच्या उभ्या काचांमधून चार ते सहाच्या दरम्यान येणारे तिरपे ऊन तर या हिशेबात अजून धरलेलेच नाही.

काच सूर्याचे किरण आत येऊ देते, पण त्यांनी तापलेल्या फरशीतून आणि भिंतीतून परत निघणारी उष्णता तिच्यातून तशी आरपार जात नाही, आणि वाराही अडतो. आतून जाड पडदे लावले की भागते, असा सल्ला त्या लेखांमध्ये असतो. पडद्यापर्यंत पोचलेले ऊन घरात आलेलेच असते; मग ते पडदा तापवते आणि पडदा खोली तापवतो. सावली करायची तर ती काचेच्या बाहेरून करावी लागते. नंतर काचेवर काळी फिल्म चिकटवण्याचाही सल्ला आम्हाला मिळाला होता, पण टफन नसलेल्या साध्या काचेवर अशी फिल्म लावली तर मध्यभाग तापून कडा थंड राहिल्यामुळे ती तडकू शकते, हे वेळीच समजले. आमच्या बाजूच्या दोन खिडक्यांच्या काचा साध्याच होत्या.

जाता जाता एक गंमत सांगते. युरोपात श्रीमंतांच्या बागांमध्ये मोठमोठ्या खिडक्यांची दालने बांधण्याची चाल पडली, ती हिवाळ्यात संत्रावर्गीय झाडे गारठून मरू नयेत म्हणून. त्या दालनाला नावही संत्र्यावरूनच मिळाले, ‘ऑरेंजरी’. व्हर्साय इथल्या राजवाड्याची प्रसिद्ध ऑरेंजरी 1684 ते 1686 या काळात उभी राहिली. आजच्या सनरूमची ही एक पणजी. आपल्याकडे काटोल-नरखेडला संत्र्याचे बगीचे उघड्या रानात उभे असतात, आणि उन्हाळ्यात कोवळ्या कलमांना शेतकरी गवताची सावली करतो. ज्या झाडासाठी तिकडे ऊन कोंडून ठेवले, त्याच झाडाला इकडे उन्हापासून जपावे लागते. संत्रानगरीत राहून एवढे आमच्या लक्षात यायला हवे होते.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र त्या खोलीत झाले नाही, ते आतल्या हॉलमध्ये झाले. आमचा डेझर्ट कूलर पंचवीसेक वर्षे व्हरांड्याच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर बसत आला होता. नागपूरकरांना कूलर शिकवण्याची गरज नाही. होळी झाली की माळ्यावरून तो उतरतो, ताट्यांमध्ये नवी खस भरली जाते, आणि पहिल्या दिवशीचा तो ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. तो चालतो कशावर, तर बाहेरच्या कोरड्या हवेवर. कोरडी हवा ओल्या खसमधून ओढली गेली की पाणी उडून जाताना तिची उष्णता घेऊन जाते, आणि मेच्या दुपारी ही हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरते; अट एवढीच की समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून दमट हवेला बाहेरची वाट द्यावी. व्हरांडा बंद झाल्यावर कूलर बाहेरची हवा ओढेनासा झाला. तो ओढत होता त्या काचेच्या भट्टीतली हवा, आणि स्लायडिंग थोडी सरकवून ठेवली तरी आत येणारी हवा त्याला पुरत नव्हती. कारण दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी केली तरी एका वेळी निम्मीच उघडते. हॉलमध्ये फरशी चिकट होऊ लागली, गाद्या दमट लागू लागल्या, आणि ज्या घरात एसी कधी लागला नव्हता तिथे जूनमध्ये आम्ही दोन एसी घेतले. तो खर्च सनरूमच्या खात्यात कोणी मांडत नाही.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये आणलेल्या ‘इको-निवास संहिते’त नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या गटात मोडते, त्या गटासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या कार्पेट क्षेत्राच्या, म्हणजे आतल्या वापरण्याजोग्या जागेच्या, किमान 12.5 टक्के असावे असे म्हटले आहे. ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे, त्यामुळे आमच्यासारख्या लहान घरांना ती लागू होत नाही. पण हवेला भूखंडाचे माप कळत नाही. व्हरांडा बंद केला की व्हरांड्यात उघडणारी प्रत्येक खिडकी या हिशेबातून बाद होते, आणि एक खोली वाढवण्याच्या नादात दोन खोल्या गुदमरतात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात लिहिते. जुलैच्या पहिल्याच जोरदार सरीत स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी तुंबले आणि उंबरा ओलांडून हॉलमध्ये आले. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघण्याची छिद्रे असावी लागतात. ती होती, पण कामगाराने सफाईने सिलिकॉन भरून बुजवली होती. फॅब्रिकेटरला फोन केला तर उत्तर मिळाले, ‘थोडंफार पाणी तर येतेच ना मॅडम.’ खिळ्याने छिद्रे मोकळी केल्यावर ते थांबले. छताचे तसे झाले नाही. काच आणि पाइप यांच्यामधले सिलिकॉन एका उन्हाळ्यात भेगाळले होते, आणि दर पावसात बादल्या मांडाव्या लागत. शिवाय डोक्यावरच्या छताला नुसती टफन काच चालत नाही, दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच हवी, हेही फार उशिरा कळले. टफन काच फुटली तर तिचे बारीक तुकडे होऊन ती सगळीच्या सगळी खाली कोसळते, लॅमिनेटेड काच फुटली तरी थराला धरून राहते. आमच्या छतावरून अधूनमधून वानरांची टोळी जात असे. ती गेली की आम्ही वर बघत राहायचो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. वर्धा रोड, बेसा, मनीषनगर या बाजूच्या नव्या इमारतींमध्ये चार फुटांच्या बाल्कन्या काचेने बंद करून त्यात मुलांचे टेबल किंवा धुण्याचे यंत्र बसवलेले मी माझ्याच नातलगांकडे पाहिले आहे. त्यांतल्या एका घरी एसीचे बाहेरचे यंत्र बंद बाल्कनीतच राहिले होते. ते स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा ओढत होते आणि दुपारी दोन वाजता ठरल्यासारखे बंद पडत होते, आणि दोष मात्र एसीला दिला जात होता. दुसऱ्या घरी न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा झरोका बंद केलेल्या मागच्या बाल्कनीत उघडत होता. गॅस गिझरला ताजी हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही. त्या घरचा गिझर मी त्याच दिवशी बंद करायला लावला. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने, इतर काही केले नाही तरी चालेल, आपल्या घरचा तो झरोका कुठे उघडतो हे आजच जाऊन पाहावे.

आता परवानगीविषयी. ‘फोल्डिंगचे काम’ या शब्दाला कायद्यात काहीही अर्थ नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार डागडुजी किंवा सुधारणेच्या कामाला परवानगीतून सूट आहे, ती इमारतीचे बाह्यस्वरूप लक्षणीय बदलत नसेल तरच. परवानगीशिवाय केलेले काम काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम 53 मध्ये आहे. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बांधकामाच्या बाह्यरेषेच्या आतले क्षेत्र चटईक्षेत्रात, म्हणजे मोजणीत येणाऱ्या बांधकामात, धरले जाते, आणि घर व भूखंडाची हद्द यांच्यामधले सामासिक अंतर मोकळे ठेवावे लागते. आमचा ओटा त्या अंतरातच होता, म्हणजे तिथला सांगाडा सरळसरळ नियमबाह्य होता. दुसऱ्यांच्या प्रकरणांवर मी आयुष्यभर ‘नकाशाप्रमाणे नाही’ असा शेरा मारला, आणि स्वतःच्या दारात तेच केले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण वगळले तर पत्र अर्धवट राहील.

तरीही महानगरपालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास यांच्याकडे एक मागणी करावीशी वाटते. सामान्य माणसाला खरोखर जे हवे असते, म्हणजे डास, धूळ, माकडे आणि पश्चिमेचे ऊन अडवणे, त्यासाठी काच लागत नाही. जाळी, बांबूची चीक (गुंडाळता येणारा बांबूच्या काड्यांचा पडदा) आणि उन्हाळ्यापुरती हिरवी नेट पुरते. अशा हलक्या, हवा न अडवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या आडोशांपैकी कशाला परवानगी लागते, कशाला लागत नाही आणि कशाला लागत असल्यास अर्ज कुठे करायचा, हे दोन्ही कार्यालयांनी मिळून एका पानावर, सोप्या मराठीत छापावे. उन्हाळ्यात चौकांतल्या सिग्नलवर दुचाकीस्वारांसाठी हिरव्या नेटची सावली धरण्याची कल्पना या शहराला सुचते, तर घरांच्या सावलीचाही कोणीतरी विचार करायला हरकत नाही. आज होते असे, की जाळी लावणारा आणि पक्की खोली काढणारा दोघेही सारख्याच भीतीत असतात, आणि मग भीती आहेच तर खोलीच काढू, असे माणूस ठरवतो.

आम्ही 2023 च्या फेब्रुवारीत ओट्यावरचा सांगाडा पूर्ण उतरवला. व्हरांड्याच्या चौकटी ठेवल्या, पण नऊ काचा काढून तिथे स्टीलची मच्छरजाळी बसवली. बाहेरून बांबूच्या चिका सोडल्या, ज्या तीन वाजता खाली येतात आणि ऊन कलले की वर जातात. आणि ओट्याच्या कडेला मधुमालतीचा वेल चढवला, जो आता तिसऱ्या वर्षी फाटकापर्यंत पोचला आहे. कूलर पुन्हा त्याच खिडकीत बसला. मेमध्ये व्हरांडा बाहेरइतकाच तापतो, त्याहून जास्त नाही, आणि रात्री नऊनंतर तिथे खाट टाकता येते, जे काचेच्या काळात शक्यच नव्हते. कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरांना पुढे छपरी काढणाऱ्या आपल्या आजोबांना हे सगळे ठाऊक होते. ऊन भिंतीला लागण्याआधीच अडवायचे आणि वाऱ्याला मात्र वाट ठेवायची.

कोणाला काचेची खोली हवीच असेल, तर त्यांनी निदान दक्षिणेची बाजू निवडावी. तिथे थोड्या रुंद सज्जाखाली उभी काच असेल तर मेमधला माथ्यावरचा सूर्य आपोआप बाहेर राहतो आणि डिसेंबरमधला 45 अंशांचा सूर्य खोलीत जवळपास खिडकीच्या उंचीइतका आत येतो. छत मात्र पक्केच असावे, आणि खिडक्या सरकत्या न घेता कवाडासारख्या पूर्ण उघडणाऱ्या घ्याव्यात. पश्चिमेला ही खोली कोणत्याही भावात घेऊ नये. आपल्या पुरवणीतल्या पुढच्या लेखासोबत दिशेची एवढी एक चौकट छापली, तरी पुष्कळ घरे वाचतील.

काढलेल्या काचांमध्ये सात टफन आहेत. त्या विकून काही पैसे सुटतील असे वाटले होते, पण टफन काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, आणि आमच्या मापाची चौकट दुसऱ्या कोणाकडे असण्याचा संभव नाही. भंगारवाला आला, त्याने पाइप आणि ॲल्युमिनियम तोलून नेले आणि काचांकडे पाहून नुसती मान हलवली. त्या जिन्याखाली गोधडी गुंडाळून उभ्या आहेत. 34 गुणिले 51 इंच या मापाची गरज असलेल्या कोणा वाचकाचे घर दक्षिणमुखी असेल, तर त्यांनी खुशाल घेऊन जाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर